‘खाले ठेव’ म्हणणारी इंदूआक्का

इंदूआक्का माझ्यावर ओरडायची बंद झाली, त्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही.

हे कुणाला सांगितलं तर हसतील. सुरतेच्या पांडेसऱ्यातली आमची अख्खी गल्ली तिच्या तोंडाला भिऊन असायची. दूधवाला लांबूनच घंटी वाजवून निघून जायचा, घरमालक भाडं मागायला स्वतः न येता बायकोला धाडायचा. आणि मी एकटी अशी, की ती माझ्यावर ओरडत नाही म्हणून रात्रंदिवस घोर लावून बसलेली. माझं काही चुकलं का? काय चुकलं? एवढं तरी सांगावं ना माणसानं! पण आक्काकडून सरळ उत्तर मिळालंय असं मला एकदाही आठवत नाही.

आक्का नवरदेवाची घोडी पाळायची. पांढरीशुभ्र घोडी, नाव मैना. आमच्या खोल्यांच्या मागे कपडा रंगवायच्या गिरणीची भिंत आणि त्या भिंतीला लागून मोकळी जागा होती. तिथं पत्र्याच्या आडोशाला मैना उभी असायची. गिरणीच्या धुरानं पांढरी घोडी संध्याकाळपर्यंत राखाडी होऊन जायची. मग आक्का तिला रोज धुवायची, आणि धुताना गिरणीच्या मालकाला, चिमणीला, वाऱ्याला, सगळ्यांना शिव्या द्यायची. आक्का शिरपूरकडची. वय साठीच्या आतबाहेर, अंगानं काटकुळी. लुगड्यावर पुरुषाचा लांब बाह्यांचा शर्ट, दातांना मिशरी, पायात गिरणीतल्या कामगारांच्या असतात तसल्या रबरी चपला. वरातीच्या दिवशी मैनाला आरशांची झूल, मोत्यांच्या माळा, डोक्यावर तुरा, आणि तिचा लगाम धरून पुढं चालणारी आक्का मात्र त्याच शर्टात. कुणी म्हणालं, "आक्का, निदान आजच्या दिवस तरी चांगलं नेसा," तर म्हणायची, "नवरदेव मनाकडे पाहाले येस का?" माझ्याकडे बघायला येतो का तो, असा तिचा हिशेब.

माणसांशी ती अहिराणी बोलायची, पोलिसाशी हिंदी आणि घोडीशी गुजराती. मी एकदा विचारलं, असं का? तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच घोडी आहे. "ती आठेच जन्मेल शे. तिले आपली बोली कशी समजी?" आठेच म्हणजे इथंच, गुजरातेत.

आणि मला ती ‘नागपूरवाली’ म्हणायची. मी हिंगोलीकडची. सुरुवातीला मी दहा वेळा सांगून बघितलं, "आक्का, नागपूर आमच्याहून लांब आहे." ती म्हणायची, "जळगावना पलीकडे सगळं नागपूरच." नंतर मी नाद सोडला. पुढं पुढं कुणी माझं खरं नाव घेतलं तर मलाच मागे वळून बघावं लागायचं.

आमची ओळख झाली ती सुरतेतल्याच पर्वत पाटिया भागात. लग्न होऊन सुरतला येऊन मला फार दिवस झाले नव्हते. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, त्याच रंगाच्या गिरणीत कामाला. मी घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवायचं काम धरलं होतं, आणि साड्यांचा गठ्ठा आणायला पहिल्यांदाच एकटी पर्वत पाटियाला गेले होते. परत यायला रिक्षा कुठून मिळते ते विसरले. मी शाळेत सातवीपर्यंत गेलेली, पुढची शाळा दुसऱ्या गावाला होती म्हणून सुटली. मराठी चांगलं वाचता येतं. पण तिथल्या पाट्यांवरची गुजराती अक्षरं बघून मला काही सुधरेना. आपल्या अक्षरांसारखीच दिसतात, फक्त डोक्यावरचा पदर पडल्यासारखी. ओळखीची वाटतात आणि ओळख देत नाहीत. दुपारचं ऊन, चहूबाजूंनी टेम्पो, डोक्यावर गठ्ठा. मी उभी राहून रडायला लागले. तशी मी रडकीच आहे, नाही कशाला म्हणू.

तेवढ्यात मागून आवाज आला, "ओ माय, रस्तामा उभी राहीसन कसाले रडस? मनी घोडी बुजस ना!"

वळून बघते तर नटवलेली पांढरी घोडी आणि शर्ट घातलेली बाई. मी हुंदके देत देत सांगितलं की मी पांडेसऱ्याची आहे, चुकले आहे. ती म्हणाली, "मंग चाल. पण आधी वरात." आणि माझ्या हातात घोडीची बादली दिली.

मग मी कुणाच्या तरी लग्नाच्या वरातीत, ना ओळख ना पाळख, डोक्यावर साड्यांचा गठ्ठा आणि हातात बादली घेऊन बँडच्या मागे चालत होते. नवरीकडच्यांना वाटलं मी नवरदेवाकडची, नवरदेवाकडच्यांना वाटलं नवरीकडची. एका म्हातारीनं मला कुंकू लावलं. एकानं वाटीभर केरीचा रस, म्हणजे आमरस, हातात दिला. मी रडतही होते आणि रसही पीत होते. वरात दारी लागल्यावर आक्कानं मला घरापर्यंत आणून सोडलं, आणि रस्ताभर ओरडत आली: पत्ता पाठ नको का, मालकाचा फोन नंबर पाठ नको का, सातवी शिकून काय उपयोग! दारात सोडताना म्हणाली, "सकाळले येजो. शेण उचलाले."

मी गेले. त्या परक्या गावात मला कुणीतरी ‘ये’ म्हटलं होतं. आज सगळं सुरळीत आहे तरी त्या शब्दाचे उपकार मला विसरता येत नाहीत.

तिच्या घरधन्याचं मात्र मला शेवटपर्यंत कोडंच राहिलं. गळ्यात मंगळसूत्र होतं, कपाळाला कुंकू होतं, घरात पुरुष नव्हता. घोडी मूळची त्याची. शेजारणीला आक्का म्हणायची, तो नंदुरबारला दुसऱ्या घोडीवर आहे. गिरणीच्या वॉचमनला म्हणायची, तो एका वरातीबरोबर गेला तो आलाच नाही. मला एकदा म्हणाली, "शे ना. येस मधूनमधून." मी चार वर्षांत एकदाही बघितला नाही. आणि अंगातला शर्ट त्याचाच का, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

भांडण हा तिचा दिवसाचा उद्योग. सकाळी एकीशी कचाकचा भांडायची आणि दुपारी तिच्याच घरी ठेचा पाठवायची. मला आधी वाटायचं, ही बाई भांडते म्हणजे हिला माणसं नकोत. पण ज्यांच्याशी तिचं भांडण नव्हतं, त्यांच्याकडे ती ढुंकूनही बघायची नाही. अशी ही बाई एका गोष्टीला मात्र लहान पोरासारखी भ्यायची. मिठाला.

तिला मीठ कुणी हातात दिलेलं चालायचं नाही. आमच्याकडेही म्हणतातच, मीठ हातोहात दिलं की भांडण होतं. पण आम्ही एवढं कुठं पाळतो. आक्का पाळायची. मीठ मागायला गेलं तर डबा जमिनीवर ठेवणार, आपण उचलायचा. तिला द्यायचं असेल तर, "खाले ठेव. मंग उचलस मी." जेवताना मालकांनी एकदा तिच्या ताटात वरून चिमूटभर टाकायला हात पुढे केला तर ताटच मागे ओढलं.

मी हसून म्हटलं, "आक्का, तुम्ही तर दिवसभर भांडता. तुम्हाला कशाची भीती?"

ती हसली नाही. म्हणाली, "तोंडनं भांडण येगळं. सांज व्हयनी का सरस. मीठनं भांडण माणूस लई जास." म्हणजे तोंडाचं भांडण सांज झाली की सरतं, मिठाचं भांडण माणूसच घेऊन जातं. मग मैनाच्या मानेवरून हात फिरवत म्हणाली, "मीच दिन्हं त्यान्या हातमा."

कुणाच्या हातात, ते सांगितलं नाही. पण तिच्या घरातून गेलेला माणूस एकच होता, त्यामुळं विचारायची गरजही पडली नाही.

आमच्या ओळखीच्या चौथ्या वर्षी, उन्हाळ्यात, भर लग्नसराईत, मैनाला लागलं.

उधन्याकडच्या एका वरातीत लाइटच्या गाडीचा पत्रा निघून बाहेर आला होता. फटाक्याला मैना बिचकली आणि पत्र्यावर गेली. सकाळी मी शेण उचलायला गेले तर मैना तीन पायांवर उभी. पुढच्या उजव्या पायाच्या वर, खांद्याला, तळहाताएवढी चीर. मांस दिसत होतं. माशा बसत होत्या. आक्का पदरानं वारा घालत उभी होती.

गल्ली गोळा झाली आणि जो तो डॉक्टर झाला. कुणी म्हणालं हळद भरा. कुणी म्हणालं हळद नको, डिझेल ओता, माशी बसणार नाही. वॉचमन म्हणाला जळकं ऑइल. एकजण म्हणाला चुना. आक्कानं तेवढ्यात मिशरीची डबी काढली होती, तीच दाबणार होती. मी सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत होते आणि मला प्रत्येकाचंच खरं वाटत होतं.

दुपारी जनावरांचे डॉक्टर मोटारसायकलवर आले. तरुण गुजराती मुलगा. त्यांनी इंजेक्शन दिलं, आपल्याजवळच्या बाटलीनं जखम धुतली आणि म्हणाले, "टाँके नहीं लगेंगे, अंदर से भरना पड़ेगा. रोज दो बार सलाईन से धोओ. सिर्फ सलाईन. हल्दी नहीं, तेल नहीं, डिझेल तो बिलकुल नहीं."

आक्का म्हणाली, "और नहीं धोया तो?"

"मवाद जोड़ में उतर गया तो पैर गया." म्हणजे पू सांध्यात उतरला तर पाय गेला. मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "घोड़े का पैर गया तो घोड़ा गया, मौसी."

आक्कानं मिशरीची डबी कनवटीला लावली आणि मला म्हणाली, "चाल, नागपूरवाली."

आम्ही मुख्य रस्त्यावरच्या मेडिकलमध्ये गेलो. सलाईन म्हटल्यावर दुकानदारानं विचारलं, पेशंट कोण?

"मैना," आक्का म्हणाली.

"उंमर?"

"नव."

दुकानदाराचा चेहरा एकदम मऊ झाला. "छोकरीने लई आवो, माशी. जोया वगर केम अपाय?" म्हणजे पोरीला घेऊन या, बघितल्याशिवाय कसं देऊ?

"तारी दुकानमां नी हमाय," आक्का म्हणाली. तुझ्या दुकानात मावायची नाही ती!

दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. त्याला वाटलं असणार, पोरीची आई मीच. मी घाईघाईनं सांगायला गेले आणि माझं हिंदी, गुजराती, मराठी सगळं एकात एक मिसळलं. "उसके खांदे को पत्रा लगा, लग्नात, फटाका फुटला ना, तो वो उधळी..." तो बिचारा अजूनच घाबरला. म्हणाला, मग इथं काय करता, सिव्हिलला न्या पोरीला!

"अरे घोडी शे ती!" आक्का ओरडली. "चार पायनी!"

दुकानातली सगळी गिऱ्हाइकं हसायला लागली. दुकानदार म्हणाला मग डॉक्टरची चिठ्ठी लागेल. तेव्हा आक्कानं कनवटीतून मिशरीच्या डबीखाली दबलेली चिठ्ठी काढली. डॉक्टरांनी जाताना लिहून दिलेली. म्हणजे चिठ्ठी पहिल्यापासून तिच्याजवळच होती.

"आधी का नाही दिली, आक्का?"

"त्यानी मांगी का?"

दुकानदारानं बाटली काढली आणि सहज म्हणाला, "मीठानुं पाणी ज छे, माशी. बीजुं कंई नथी." मिठाचं पाणी आहे नुसतं. आणि बाटली पुढे केली.

आक्काचा पुढे गेलेला हात झटक्यात मागे आला. "नीचे मूक." खाली ठेव म्हणे.

"शुं?"

"मीठ शे ना त्यामा? नीचे मूक!"

त्यानं काउंटरवर बाटली ठेवली. आक्कानं ती तिथून उचलली, कपाळाला लावली आणि चालू लागली. दुकानदारानं माझ्याकडे बघून डोक्याशी बोट फिरवलं. मला तिची लाजही वाटली आणि त्याचा रागही आला. पुढं त्याला सवय झाली. आम्ही लांबून दिसलो की बाटल्या काउंटरवर मांडून हात मागे बांधून उभा राहायचा, आणि आक्का रुबाबात उचलायची.

धुवायची रीत आम्हीच शोधली. बाटलीच्या बुचाला गोधडी शिवायच्या दाभणानं भोक पाडायचं आणि बाटली दाबायची, की बारीक धार थेट जखमेत जाते. आक्का मैनाचं तोंड धरून गुजरातीत तिची समजूत काढायची, मी धार धरायचे. धार जरा इकडेतिकडे झाली की आक्का लगेच, "डोया शेत का बटनं? घोडी धुवी राहिनी का झाडले पानी घाली राहिनी?" डोळे आहेत का बटणं, म्हणजे. मी पुन्हा नीट धरायचे. खरं सांगते, तिच्या ओरडण्यानंच माझा हात स्थिर व्हायचा.

पण बाटल्या काही पुरेनात. आक्काचं डोकं भलतीकडेच चालायला लागलं. एकदा म्हणाली, "मीठनंच पानी लागस ना? येवढा मोठा दर्या देवनी भरी ठेयेल शे, नि मी बाटल्या लेत फिरू? मैनाले डुमसले लई जास." डुमसचा समुद्रकिनारा, तीन पायांवरची घोडी, आणि वैशाखाचं ऊन! मला तिचं बोलणं आधी पटलंच होतं. बरं झालं डॉक्टरांना फोन करून विचारलं. ते एवढ्या जोरात "नहीं!" म्हणाले की मी फोन कानापासून लांब धरला.

मग एक दिवस मेडिकलमधला माल संपला. गल्लीतल्या कुणाच्या तरी घरी आजारपणात उरलेली बाटली होती, ती मी घेऊन आले. तशीच बाटली, तसंच पाणी. आमच्याकडे जे काही टांगून लावतात ते सगळं सलाईनच. आम्ही धुतलं. दुपारी बघते तर मैनाच्या पायावरून खांद्यापर्यंत मुंग्यांची रांग. बाटलीत साखरेचं पाणी होतं, ग्लुकोज. त्या दिवशी आक्का मला जे बोलली ते मी लिहीत नाही. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. "सातवी शिकेल शे ना तू? बाटलीवर काय लिखेल शे ते वाचता येत नही?" मी म्हटलं, ते इंग्रजीत होतं. म्हणाली, "मंग मुंग्यासले इंग्रजी येस का?" मी रडत रडत मुंग्या टिपल्या. संध्याकाळी तिच्याकडून भाकरी आणि वांग्याचं भरीत आलं, माझ्या एकटीपुरतं. ते खाल्लं आणि मला बरं वाटलं. आमचं सगळं जागेवर होतं.

डॉक्टरांनी फोनवर घरी करायची रीत सांगितली. स्वच्छ पाणी चांगलं उकळा, झाकून थंड करा, त्यात साधं मीठ. किती, असं विचारल्यावर त्यांनी चमच्याचं माप सांगितलं आणि म्हणाले, "समझो आँसू जितना नमकीन."

चमचा कुठला, सपाट की शीग भरून, यावर आक्काचा आणि माझा वाद झाला. शेवटी ती म्हणाली, "चमचा राहू दे. तू रडकी शे. तुले चव माहीत शे. तूच चाख."

"आक्का, तुम्हीच चाखा ना."

"मना डोयामा आते पानी नही," ती म्हणाली, अगदी सहज, बादलीत पाणी नाही म्हणावं तसं.

तेव्हापासून मी वाटीत थेंब काढून जिभेवर ठेवायचे. कमी वाटलं तर मान हलवायचे. मग आक्का जमिनीवर ठेवलेल्या डब्यातून स्वतःच्या हातानं मीठ उचलून टाकायची. मीठ टाकायचं काम तिचं, चाखायचं माझं. माझ्या रडण्याचा कुणाला उपयोग झाला, तो तेवढाच.

जखम लाल दिसायला लागली, कडेनं भरायला लागली. आणि मग तो दिवस आला.

सकाळची वेळ. मैना आडवी उभी होती, भिंतीपासून पत्र्यापर्यंत सगळी जागा अडवून. आक्का तिच्या तोंडाकडून पलीकडे, पाण्याचं पातेलं तिच्या पायाशी. मी अलीकडे, मिठाचा डबा माझ्याकडे राहिलेला. डबा पलीकडे न्यायचा म्हणजे मैनाच्या मागच्या पायांकडून जायचं, आणि तेवढ्यात गिरणीनं वाफ सोडली. असा भस्स आवाज झाला की मैना मागचे दोन्ही पाय झाडायला लागली. खांद्याची खपली उकलली. रक्त आलं. आक्कानं लगाम दोन्ही हातांनी आवळून धरला आणि ओरडली, "मीठ!"

"आक्का, खाली ठेवते, तुम्ही..."

"खाले कोठे ठेवशी? चिखल शे! सोडू का मी तिले? दे!"

तिनं एक हात सोडून मैनाच्या गळ्याखालून माझ्याकडे पसरला. तळहात वर. मी मूठ भरली आणि... मला आठवतंय, मी क्षणभर थांबले. ती म्हणाली, "दे हातमा!"

मी दिलं.

तिनं मीठ पातेल्यात टाकलं, मी वाकून थेंब चाखला, मान हलवली. धुतलं. रक्त थांबलं. मैना शांत झाली. आक्का आपल्या तळहाताकडे बघत राहिली. बोटांच्या बेचक्यात चार खडे चिकटलेले होते. ते तिनं झटकले नाहीत, लुगड्याला पुसले नाहीत. हात तसाच उघडा धरून घरात गेली.

दुसऱ्या दिवशी मी धार वाकडी धरली. ओरडणं आलं नाही. "राहू दे, माय," आक्का म्हणाली, "सावकाश." मी बाटली खाली ठेवून तिच्याकडे बघितलं. ताप आला की काय?

पुढं रोज तसंच. "बठ ना, माय." "चहा पिशी का?" "दमनी शे तू, जाय घरी." नागपूरवालीसुद्धा म्हणेना. माझ्या हातून पातेलं उलटलं, उकळून गार केलेलं सगळं पाणी मातीत गेलं; ती म्हणाली, "व्हस असं." त्याच वेळी दूधवाल्याला, घरमालकाच्या बायकोला, वॉचमनला पहिल्यासारख्याच शिव्या चालू होत्या. फक्त मी तिच्या तोंडातून उतरले होते. ज्यांच्याकडे ती ढुंकून बघत नाही त्यांच्यात आता माझा नंबर लागला, असं मी धरून चालले. मी मुद्दाम चुका करून बघितल्या. शेण अर्धं ठेवलं. उशिरा गेले. ती माझ्याशी अशी बोलायची, जशी दारी आलेल्या पाहुणीशी.

मी मालकांना विचारलं. ते म्हणाले, "बरं झालं, तुझे कान वाचले." कान काय करायचेत मला! त्या गावात माझ्यावर हक्कानं ओरडणारं दुसरं होतं कोण?

जखम भरली. पण गोऱ्या कातडीवर जळल्याचा डाग असावा तसा पांढऱ्या खांद्यावर काळपट खड्डा राहिला, आणि मैना तो पाय जरा आखडूनच टाकायची. डॉक्टर म्हणाले पाय वाचला, घोडी वाचली, पण आता पाठीवर ओझं नको आणि नाच नको. म्हणजे नवरदेव नको. डुमसला पोरांना फिरवायला घोडे ठेवणारा एकजण विचारायला आला होता, हलकी पोरं बसतील म्हणाला. आक्कानं त्याला गल्लीबाहेर पोचवलं, तोंडानंच. मग एक दिवस मला म्हणाली, "बहीणना मळा शे शिरपूरले. तठे बांधस तिले. चरी, फिरी."

"आणि तुम्ही?"

"घोडी तठे नि मी आठे काय करू, माय?"

माय! तेव्हाही माय!

निघायच्या दिवशी टेम्पो आला. फळ्या टाकून मैनाला चढवलं. आक्का तिच्याजवळ आत उभी राहिली, तोच शर्ट, तीच डबी कनवटीला. गल्ली सगळी जमली होती, ज्यांचा तिच्या शिव्या खाल्ल्याशिवाय दिवस जायचा नाही ते सगळे. दूधवाल्याचे डोळे ओले होते. आक्का त्याला म्हणाली, "रडस काय, दूधमा पानी कमी घाल." सगळे हसले. माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

नंतर मेडिकलमधून आणलेली एक बाटली घरी तशीच न फोडलेली राहिली होती. वाटेत काही लागलं तर, म्हणून मी ती घेऊन गेले. हातात द्यायची नाही हे मला पाठ होतं. म्हणून मी टेम्पोच्या कडेला हात घालून ती खाली ठेवली. आणि ठेवली कुठं, तर मैनाच्या बरोबर त्या दुखऱ्या पायाजवळ. मैना बिचकली, पाय उचलला, बाटली गडगडत खुराखाली गेली.

आक्काच्या कपाळाची शीर ताठ झाली. डोळे मोठे झाले. मला ते सगळं ओळखीचं होतं. ‘डोया शेत का बटनं’ आता येणार, ‘सातवी शिकेल शे ना’ आता येणार. मी वाट बघत उभी राहिले. तिनं तोंड उघडलं आणि उघड्या तोंडात शर्टावरून ओढून पदराचा बोळा कोंबला. दातांत घट्ट धरला. वाकून बाटली उचलली आणि छातीशी धरली. तिचे खांदे हलत होते, आणि ती डोळे वटारून माझ्याकडे बघत मान नाही, नाही अशी हलवत होती.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मीठ दिलं त्या सकाळपासून ही बाई माझ्याशी भांडण होऊ देत नव्हती.

"आक्का, बोला ना काहीतरी!" मी निघालेल्या टेम्पोमागं पळत ओरडले. "ओरडा ना!"

टेम्पो गिरणीच्या कोपऱ्यावरून वळला, तरी पदर दातांतच होता.